दहा बोटांचा डेल्मर

आमच्या टॉर्स्टन लेक गावात सुताराची ओळख करून देताना आधी त्याची बोटं सांगतात. हा साडेनऊचा क्लेटन, तो आठाचा ओले. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जन्मभर लाकूड कापणाऱ्याचं एखादं बोट जायचंच, असं गाव धरून चालतं. डेल्मर स्कोगन मात्र दहाचा. सगळं आयुष्य दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि छताच्या नक्षीपट्ट्या बसवण्यात गेलं, आणि दहाच्या दहा शाबूत. तो हे बोलून दाखवणार नाही. पण बँकेत सही करताना दुसरा हात उगाचच काउंटरवर पसरून ठेवील.

मी ट्रूडी. गावात हार्डवेअरचं दुकान माझं आहे आणि माझं माहेर जर्मन. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण इथे बाकी सगळे नॉर्वेहून आलेल्यांचे नातू-पणतू. आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तर "मीठ कमी आहे" असं म्हणतात. यांच्या घरी म्हणतात, "मीठ हल्ली बरंच स्वस्त मिळतं, नाही?" शाळकरी वयात इथे आले, चाळीसेक वर्षं या लोकांत काढली आणि अजून माझं डोकं फिरतं.

यांचे दोन-चार नियम कळले की मिनेसोटाचा हा सगळा कोपरा कळला. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "नको नको", तिसऱ्यांदा "बरं, फारच आग्रह करतेस तर". ताटातली शेवटची वडी कुणी उचलायची नाही. फार तर सुरीनं अर्धी करायची, मग दुसरा येऊन त्या अर्ध्याचं अर्धं करतो, आणि शेवटी ताटात नखाएवढा तुकडा उरतो आणि सगळे त्याच्याकडे पाहत बसतात. स्तुती करायची तर "वाईट नाही" म्हणायचं. याच्या वरची पायरी नाही. आणि एखादी गोष्ट भयंकर असली, अगदी पाहवत नसली, तर म्हणायचं, "वेगळं आहे हं." शेजारच्यांनी घराला जांभळा रंग दिला तेव्हा गावभर "वेगळा आहे, वेगळा आहे" चाललं होतं. त्या बिचाऱ्यांनी पुढच्याच आठवड्यात पांढरा दिला.

डेल्मर या सगळ्यांत पहिल्या नंबरचा भिडस्त. न्हाव्यानं केस चुकीचे कापले तरी "वाईट नाही" म्हणून टीप ठेवून येतो आणि महिनाभर टोपी घालतो. पण करवतीपाशी उभा राहिला की हाच माणूस ओळखू येत नाही. त्याच्याकडे माइटर सॉ आहे, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात आणि हव्या त्या उतारात कापणारी विजेची करवत. तिच्याजवळ कुणी लांब बाह्यांनी आला की डेल्मरचा आवाज चढलाच. "बाह्या वर! हातमोजे काढ! चष्मा डोळ्यांवर लाव, कपाळाला काही दिसत नसतं! हात पात्यापासून वीतभर लांब! पातं थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही आणि थांबल्याशिवाय तुकड्याला हात लावायचा नाही!" आणि करवत चालू असताना कुणी ओरडायचं नाही, हा त्याचा सगळ्यात कडक नियम. मागून नुसतं शिंकलं तरी त्या दिवशी त्या माणसाला तो पुन्हा आत घेत नाही.

हे वेड त्याला सासऱ्यानं लावलं. सासरा आयव्हर हाच त्याचा गुरू, आणि आयव्हरला बोटं सात. डेल्मर त्याच्याकडे आर्डिसचा हात मागायला गेला तेव्हा म्हातारा म्हणाला, "माझ्या मुलीचा मागतोस, आधी तुझे दाखव." डेल्मरनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. म्हाताऱ्यानं बोटं मोजली आणि म्हणाला, "रोज संध्याकाळी एवढीच घरी आणणार असशील तर घेऊन जा." तेव्हापासून आजतागायत, जेवणाची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी डेल्मर दोन्ही हात टेबलावर ठेवतो, आर्डिस पाहते, "दहा" म्हणते, आणि मगच डोळे मिटते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आता त्यांच्या घरी जेवायला बसले की मीही नकळत माझे हात बाहेर काढते.

तर गोष्ट अशी झाली. गेल्या ऑक्टोबरात डेल्मरच्या करवतीचं झाकण बिघडलं. पात्याला खालून एक झाकण असतं. करवत खाली आणली की ते मागे सरतं आणि वर नेली की स्प्रिंगच्या ओढीनं पुन्हा पात्यावर येतं. त्याची स्प्रिंग सैल पडली होती, त्यात पाइनचा चीक आणि भुसा बसून झाकण वरच्या वर अडकत होतं. म्हणजे काम झाल्यावरही दात उघडे. डेल्मरनं त्याच क्षणी प्लग काढला, करवतीवर चादर टाकली, आणि माझ्या दुकानात येऊन नवी स्प्रिंग मागवायला सांगितली. "ती येईपर्यंत तिला हात लावणार नाही," म्हणाला.

आणि मग रविवारी चर्चनंतर कॉफीला आला गॉर्डी.

गॉर्डी म्हणजे डेल्मरचा मेहुणा, आर्डिसचा एकुलता एक धाकटा भाऊ. वीस वर्षं ॲरिझोनात घरं विकून नुकताच गावी परत आलेला. आर्डिसला इतका आनंद झाला होता की ती रस्त्यात कुणालाही थांबवून "गॉर्डी आलाय, वाईट नाही" असं सांगायची. गॉर्डीनं तळ्याकाठी घर घेतलं होतं आणि त्याच्या बायकोला, रोशेलला, दिवाणखान्यात छताच्या कडेनं नक्षीची पट्टी हवी होती.

"सुतार बोलावला तर महिनाभर वाट पाहावी लागते," गॉर्डी म्हणाला. "मीच करतो. त्यात काय एवढं? कोपऱ्यात कोन कापायचा आणि ठोकायची."

आता इथे रीत काय? रीत अशी की डेल्मरनं म्हणायचं, "माझी करवत घेऊन जा की." गॉर्डीनं म्हणायचं, "नको नको." असं तीनदा झालं की विषय संपला, दोघांची मनं राखली गेली, करवत जागच्या जागी. डेल्मरनं आपलं वाक्य म्हटलं.

"माझी करवत घेऊन जा की, पाहिजे तर."

"अरे वा!" गॉर्डी म्हणाला. "थँक्यू!"

पहिल्याच फटक्यात! वीस वर्षांच्या उन्हात याची सगळी रीतभात वाळून गेली होती. आर्डिसच्या हातातला चमचा बशीवर वाजला. डेल्मरनं दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. गॉर्डी तोवर उठलाही होता, चादर काढून करवत गाडीत ठेवायला. डेल्मर त्याच्या मागे मागे गेला आणि होता नव्हता तो सगळा धीर गोळा करून म्हणाला, "झाकण तेवढं... जरा वेगळं आहे हं तिचं."

"मस्त!" गॉर्डी म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मंगळवारी सकाळी स्प्रिंग आली. ती घेऊन मी डेल्मरकडे गेले तर हा स्वयंपाकघरात बसलेला, पुढ्यातली अंडी गार झालेली, तोंड उतरलेलं. मी स्प्रिंग टेबलावर ठेवली. "घे तुझी स्प्रिंग. करवत कुठे आहे?"

त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे मी काढून घेतलं, एकेक शब्द, कोयीला लागलेला गर काढावा तसं.

"आणि तू त्याला झाकणाचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. वेगळं आहे म्हणालो."

ओट्याशी उभी असलेली आर्डिस गर्रकन वळली. "वेगळं? डेल्मर, तू वेगळं म्हणालास? इतकं वाईट आहे?"

"हो," डेल्मर हळूच म्हणाला.

तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "मग बसलायस काय? फोन कर!"

त्यानं केला. मी आणि आर्डिस दोन्ही बाजूंना उभ्या. "हॅलो, गॉर्डी... हो, मीच... हो ना, थंडी पडायला लागली... तळं यंदा लवकर गोठेल असं म्हणतात... नाही, तसं खास काही नाही... करवत? बरी चाललीय ना?... हो का... वाईट नाही, वाईट नाही... बरं तर मग." आणि फोन ठेवला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"विषय काढला."

माझ्या हातात लाटणं असतं तर मी ते मारलं असतं. आर्डिसनं स्वतः फोन उचलला, पण आता तिकडे कुणी घेईना. घंटा वाजतच राहिली. "करवत चालू केली असेल त्यानं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "बाबांची बोटं गेली तेव्हा मी लहान होते, डेल्मर. मी पाहिलंय ते. एकच भाऊ आहे रे मला."

डेल्मरनं टोपी घातली. मी गाडीच्या किल्ल्या काढल्या. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आर्डिसनं तशाही परिस्थितीत ओटच्या वड्यांचा ट्रे माझ्या हातात दिला, आणि वर दंड धरून मला म्हणाली, "ट्रूडी, तू तोंड उघडायचं नाहीस. तू बोललीस की गॉर्डी मुद्दाम उलट करतो, माहीत आहे ना? शाळेत त्याला नाचाला नाही म्हणालीस ते अजून विसरला नाही तो. हे डेल्मरलाच बोलू दे."

खरं होतं ते. मी त्याला सरळ "नाही, तू पायावर पाय देतोस" असं सांगितलं होतं. गावात त्याची अजून आठवण काढतात.

मी आणि डेल्मर गॉर्डीच्या गॅरेजात शिरलो. गॉर्डी करवतीपाशी उभा. अंगात ढगळ लोकरी शर्ट, बाह्यांची बटणं उघडी. हातात कातड्याचे हातमोजे, तेही त्याला मोठे. चष्मा कपाळावर. खाली जमिनीवर चुकलेल्या पट्ट्यांचे तुकडे, कोन इकडचे तिकडे, उतार उलटे. आणि करवतीचं झाकण वरच्या वर अडकलेलं, पातं सगळं उघडं. सुतारकामात करू नये म्हणून जेवढं सांगतात तेवढं सगळं एकाच माणसानं अंगावर घातलं होतं.

"या, या!" गॉर्डी खूश. "डेल्मर, काय करवत आहे रे तुझी! आणि हे झाकण! वर केलं की वरच राहतं, मध्ये मध्ये येत नाही. तू म्हणालास तेव्हाच मला वाटलं, काहीतरी खास असणार."

डेल्मरच्या घशातून बारीक आवाज आला. "ते... म्हणजे... मुळात ते तसं राहत नाही."

"तेच तर! म्हणूनच वेगळं!"

रोशेल आतून आली. "कॉफी घेणार?"

"नको," डेल्मर म्हणाला.

"बरं," म्हणून ती आत गेली. ती मुळातली ॲरिझोनाची, तिचा दोष नाही. डेल्मर दाराकडे पाहत राहिला. कॉफी पिता पिता विषय काढायचा, असं त्यानं गाडीत ठरवलं होतं, आणि आता कॉफीच नव्हती.

मी भिंतीपाशी सरकले. तोंड उघडायचं नाही असं मी कबूल केलं होतं, हात चालवायचा नाही असं कुठे म्हटलं होतं? भिंतीवर दोन प्लग होते. त्यातला एक मी पाठीमागून मुठीत धरला. म्हटलं, डेल्मरचं गाडं अडलं तर मी ओढणारच, मग गॉर्डी पुढची वीस वर्षं बोलला नाही तरी चालेल.

डेल्मरच्या बोलण्याची गाडी रांगत निघाली. "ॲरिझोनात हातमोजे घालून करतात वाटतं हे काम?"

"हात राकट होत नाहीत."

"हं. आणि शर्ट... ऐसपैस आहे."

"रोशेलनं घेतला. आवडला? तिला सांगतो, तुझ्यासाठीही आणेल."

"नको नको," डेल्मर घाबरून म्हणाला. "चष्मा छान आहे. डोळ्यांवर कसा दिसतो?"

"जड होतो." गॉर्डीनं एक वडी उचलून तोंडात टाकली आणि पट्टीचा एक छोटासा तुकडा हातात घेतला. "आता एवढंच राहिलंय बघ. कोपऱ्यात फट राहिली होती. मग तिच्यात बसायला तुकडा कापला, तो मोठा झाला. त्याचा अर्धा केला, तो तिरका गेला. मग त्याचाही अर्धा केला. आता हा शेवटचा, याचं अर्धं केलं की बसलाच म्हणून समज."

मी ट्रेमधल्या वड्यांकडे पाहिलं आणि त्या तुकड्याकडे पाहिलं. वीस वर्षांत हा सगळं विसरला, पण अर्ध्याचं अर्धं करायची खोड काही गेली नव्हती. तुकडा बोटभर लांब राहिला होता. तो धरायचा म्हणजे बोटं पात्याला चिकटूनच. लाकूड आवळून धरणारा शिकंजा कडेला लोंबत होता, त्याला हात लावायचं याच्या डोक्यात नव्हतं.

"गॉर्डी, एवढ्या लहान तुकड्याचं म्हणशील तर..." डेल्मर म्हणाला. "आयव्हर म्हणायचे की... म्हणजे काही काही लोक शिकंज्यात..."

पण गॉर्डीनं ऐकलं नाही. तुकडा करवतीवर ठेवून त्यावर हातमोजा दाबून धरला आणि खटका दाबला. पातं गरगरलं. गॉर्डी करवत खाली आणू लागला.

"नाही!"

हा आवाज डेल्मरचा होता. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते, पण असा आवाज माझ्या कानावर कधी पडला नव्हता. छपराचे पत्रे थरथरले म्हटलं तरी चालेल. त्याच क्षणी मीही सगळा जोर लावून प्लग ओढला. पातं काही थांबलं नाही. कोपऱ्यातला मासळीचा मोठा फ्रीजर मात्र चूप झाला.

गॉर्डी दचकला, हात मागे ओढला, खटका सुटला. खाड् असा आवाज होऊन लाकडाचा तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि दारावर आपटला. "तसाच थांब!" डेल्मर ओरडत होता. "हलू नकोस! वर उचलू नकोस! पातं थांबू दे!" पातं फिरत राहिलं, सावकाश झालं, आणखी सावकाश झालं, आणि थांबलं. मग भुशात पडलेलं ते आम्हाला तिघांनाही एकदमच दिसलं. कातड्याचं बोट. करंगळीचं.

डेल्मरनं आधी प्लग काढला, खरा, आणि मग गॉर्डीच्या मनगटाला धरून हातमोजा हळूहळू उतरवला. माझे डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू.

"मोज," डेल्मर म्हणाला.

"एक," गॉर्डी म्हणाला. आवाज लहान मुलासारखा. तो मोजत गेला, एकेक बोट वाकवून पाहत, दोन्ही हातांची. हातमोजा मोठा होता म्हणून निभावलं. करंगळी आत आखूड, आणि पुढचं टोक पोकळ. "दहा," तो म्हणाला आणि उलट्या बादलीवर बसला.

डेल्मरही त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला. "करवत चालू असताना कुणी ओरडायचं नाही," तो म्हणाला. "माझाच नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा मोडला."

"तू मला आधी का नाही सांगितलंस, डेल्मर?"

"सांगितलं होतं. झाकण वेगळं आहे म्हणालो."

गॉर्डीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "वेगळं," तो म्हणाला. "अरे देवा. आई माझ्या मार्कांना वेगळे म्हणायची. उफ्-दा!" वीस वर्षांनी त्याच्या तोंडून हा आमच्याकडचा उद्गार निघाला, आणि मला एकदम वाटलं, हा आता खरा घरी आला. "ॲरिझोनात वेगळं म्हणजे चांगलं असतं, डेल्मर! तिथे वेगळ्या घराला मी जास्त पैसे लावायचो!"

मग मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, आता धोका टळला, आता माझी पाळी. "भीड भिकेची बहीण म्हणतात, तुमची तर बोटं खाणारी बहीण आहे! एक जण 'नको' म्हणायचं विसरला, दुसऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, आणि मध्ये ती करवत दात काढून हसतेय! चांगलं तोंडावर सांगायला काय जातं रे तुमचं?"

"ट्रूडी," गॉर्डी म्हणाला, "तुझ्या हातात काय आहे?"

हातात फ्रीजरचा प्लग होता. मी तो गुपचूप खाली ठेवला.

तिथून पुढची दुपार डेल्मरची. बाह्या कोपरापर्यंत चढवून त्यानं गॉर्डीला शेजारी उभं केलं आणि एकेक गोष्ट त्याच्याच हातून करवून घेतली. काहीही उघडायच्या आधी प्लग बाहेर आहे ना ते डोळ्यांनी पाहायचं. पात्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या सवयीनं फिरवला तर सुटायच्या ऐवजी आवळत जातो. गॉर्डीनं तो आधी चांगला आवळून ठेवला आणि मग सोडवला. पातं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, चीक मऊ झाल्यावर जुन्या टूथब्रशनं दात स्वच्छ केले, एकही दात तुटलेला किंवा चिरलेला नाही ना हे उजेडात धरून पाहिलं. झाकणाच्या खाचेतला भुसा निघाला तो चिमूटभर नाही, मूठभर. नवी स्प्रिंग बसवली. झाकण वर करून सोडलं तर टक् करून जागेवर आलं. डेल्मरनं ते पुन्हा वर केलं, पुन्हा सोडलं. नको तितक्या वेळा केलं.

"आणि कोपरे का जुळत नाहीत माझे?" गॉर्डीनं विचारलं.

"पट्टी उलटी ठेवायची," डेल्मर म्हणाला. "करवतीचं टेबल म्हणजे छत समज आणि मागचा टेकू म्हणजे भिंत. जी कड वर छताला लागणार, ती इथे खाली."

"उलटी? म्हणजे डोक्यावर?"

"डोक्यावर. आणि डावीकडची उजवीकडे."

गॉर्डीनं दोनदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा पुन्हा सुलटीच ठेवली. मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी!" आणि तेवढ्यावरूनच जिद्दीला पेटून त्यानं चौथ्यांदा बरोबर उलटी ठेवली. आर्डिस म्हणाली होती ते काही खोटं नाही, माझं ऐकलं की हा उलटंच करतो. पण या वेळी उलटंच करायचं होतं. नवी लांब पट्टी, शिकंज्यात घट्ट, हात वीतभर दूर, चष्मा डोळ्यांवर. पातं पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावलं, खटका सोडला, थांबेपर्यंत खालीच धरून ठेवलं. दिवाणखान्यात कोपरा बसवला तर सांधा हाताला लागेना. रोशेल दोन्ही हात गालांवर ठेवून "अप्रतिम! अद्भुत!" म्हणत सुटली, आणि डेल्मर लाजून खिडकीबाहेर तळं पाहू लागला.

एवढ्या सगळ्यात फ्रीजर पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी गॉर्डीनं झाकण उघडलं तर वरचे मासे मऊ पडायला लागलेले. मी तेव्हा बाहेर गाडी पुसत होते. टाकून द्यायचे जिवावर आलं, म्हणून ते सगळे टोपलीत भरून आम्ही आर्डिसकडे आणले. तिला फोनवर नुसतं एवढंच कळलं होतं, "सगळे येतोय." डेल्मर फोनवर यापेक्षा जास्त काय सांगणार?

ती दारातच उभी होती. गॉर्डी गाडीतून उतरला तशी तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, सरळ हातांकडे पाहिलं. पण हात खिशात होते आणि टोपली माझ्याकडे होती. विचारायचं कसं? विचारलं तर खरं काय ते कळेल. ती "मासे छान दिसतायत" म्हणाली आणि आत जाऊन तळायला लागली. तिच्या पाठीकडे पाहून मला गलबलून आलं, पण याही वेळी मी तोंड उघडलं नाही. हे सांगायचं काम माझं नव्हतं.

मासे झाले, बटाटे झाले, सगळे बसलो. डेल्मरनं रोजच्यासारखे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. आर्डिस "दहा" म्हणणार, एवढ्यात शेजारून गॉर्डीनं आपले दोन्ही हात खिशातून काढले आणि डेल्मरच्या हातांशेजारी ठेवले. आर्डिस आणि गॉर्डीच्या लहानपणी त्यांचे वडील याच टेबलावर सात बोटं ठेवायचे.

आर्डिसनं दोनदा मोजलं. ओठ हलताना दिसत होते.

"वीस," ती म्हणाली. मग पदर नसतो आमच्याकडे, म्हणून नॅपकिन डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "वाईट नाही."